घाणा आणि लेखणी

पुराणांत इंद्राच्या उपवनाला नंदनवन असे नाव दिलेले आहे. त्या उपवनात कल्पवृक्ष होता आणि त्याच्या छायेत बसून मनात जी इच्छा धरावी ती तत्काळ पूर्ण होई, असे वर्णन आढळते. तेथे कोणाला नांगर धरावा लागत नसे, विहिरीचे पाणी शेंदावे लागत नसे, की उद्याची चिंता वाहावी लागत नसे. आळशी माणसाला स्वर्ग हवाहवासा वाटतो, तो बहुधा या वृक्षासाठीच!

नागपूर शहराच्या पूर्वेकडील भागात नंदनवन नावाची एक मोठी वस्ती आहे. नाव इंद्राच्या बागेचे असले, तरी येथे कल्पवृक्ष नाही. वैशाखात येथील रस्ते तव्यासारखे तापतात. पहाटे दूधवाल्याची घंटी वाजते, वर्तमानपत्रे टाकणारी मुले सायकली दामटीत जातात, आणि दिवस उजाडला की जो तो आपापल्या उद्योगाला लागतो. या वस्तीच्या तोंडाशीच एक गजबजलेला चौक आहे. त्याचे नाव संत जगनाडे चौक. दिवसातून हजारो लोक हे नाव उच्चारतात. रिक्षावाला विचारतो, "कुठे जायचे?" बसणारा सांगतो, "जगनाडे चौक." परंतु हे जगनाडे कोण होते, याचा विचार करायला त्या गर्दीत फारच थोड्यांना सवड मिळते.

या चौकापासून हाकेच्या अंतरावर एक कुटुंब राहत होते. त्या कुटुंबातील मुलगा सातव्या इयत्तेत शिकत होता. विदर्भातील उन्हाळा कडक, म्हणून तेथील शाळा राज्याच्या इतर भागांतील शाळांहून थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वर्षी शाळा उघडली त्या दिवशी गुरुजींनी वर्गाला सांगितले, "प्रत्येकाने एक रोजनिशी ठेवा. ती मी तपासणार नाही. तिला गुणही नाहीत. ती तुमची तुमच्यासाठीच आहे."

गुण नाहीत आणि तपासणीही नाही, हे ऐकून पुष्कळांनी ते काम तेथेच सोडून दिले. या मुलाला मात्र ती कल्पना फार आवडली. त्याने निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही आणली, पहिल्या पानावर आपले नाव सुवाच्य अक्षरांत घातले आणि त्याच रात्री लेखनास आरंभ केला. पहिल्या पावसाने उठलेला मातीचा वास, नाग नदीचे फुगलेले गढूळ पाणी, अंगणातल्या कडुलिंबावर घरटे बांधण्यासाठी चाललेली कावळ्यांची लगबग, असे काही ना काही तो रोज टिपून ठेवी. आषाढ सरला, श्रावण आला, वहीची पाने भरत गेली. आपण लेखक होणार, अशी गोड शंकाही त्याच्या मनाला अधूनमधून स्पर्श करून जाई.

श्रावणाच्या अखेरीस पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. भोसले राजांच्या काळापासून चालत आलेल्या या सणात लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि खाऊ मिळवितात. मुलाने आपल्या धाकट्या बहिणीच्या लाकडी बैलाला रंग दिला, त्याच्या शिंगांना बेगड चिकटविली आणि तिच्याबरोबर सारी आळी पालथी घातली. त्याच दिवशी शहरात मारबतींची मिरवणूक निघते. पिवळी आणि काळी अशा दोन प्रचंड मारबती गर्दीतून वाजतगाजत नेतात आणि लोक त्यांना ओरडून सांगतात, की रोगराई घेऊन जा, दुःख घेऊन जा, सारी इडापीडा घेऊन जा. वडिलांच्या खांद्याला धरून त्याने ती मिरवणूक पाहिली. हे सगळे आज वहीत लिहायचे, असा त्याने मनाशी निश्चय केला.

परंतु रात्री पाय दुखत होते आणि डोळे मिटत होते. 'आज राहू दे, उद्या दोन दिवसांचे एकदम लिहू,' असे म्हणून तो झोपी गेला. मारबत शहराची इडापीडा घेऊन गेली खरी, त्याचा आळस मात्र घरीच ठेवून गेली!

दुसऱ्या दिवशी त्याने वही उघडली. तान्ह्या पोळ्यासाठी त्याने दोन पाने कोरी सोडली आणि आजचे लिहिण्यास आरंभ केला. परंतु मन त्या कोऱ्या पानांकडेच ओढ घेऊ लागले. आधी कालचे लिहावे की आजचे, या विचारात त्याने काहीच लिहिले नाही. तिसऱ्या दिवशी तीन दिवसांचे देणे झाले. आठवड्यानंतर आठ दिवसांचे झाले. त्याने आठवड्याची म्हणून एकंदर आठ पाने कोरी सोडली आणि वही मिटली. सावकाराचे व्याज जसे रात्रीतही वाढते, तसे हे देणे वाढत गेले. गणपती आले आणि गेले. नवरात्र झाले. दसऱ्याला आपट्याची पाने वाटून झाली. दिवाळीचे फटाके वाजून शांत झाले. निळी वही पाठ्यपुस्तकांच्या खाली, मग कपाटाच्या तळाशी आणि शेवटी जुन्या वर्तमानपत्रांच्या मागे गेली.

त्या मुलाला आळशी म्हणावे, तर तो आळशी नव्हता. तो मैदानावर तासन् तास धावे, आईला बाजारातून सामान आणून देई, गणिताचा अभ्यासही वेळेवर करी. केवळ त्या एका वहीपाशी आले की त्याचे हात जड होत. आळसाची ही जात मोठी फसवी असते. झोपाळू माणसाचा आळस दिसतो तरी. या आळसात मनुष्य दिवसभर कामात असतो, आणि ज्या कामाची त्याला मनापासून आवड होती, नेमके तेच तो टाळीत राहतो. टाळल्याची लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून तो आणखी टाळतो. वहीकडे पाहिले की आपण मोडलेला नेम आठवतो. म्हणून तो वहीकडे पाहतच नाही.

अशा रीतीने डिसेंबर महिना उजाडला. नागपूरची थंडी अंगाला झोंबू लागली. ८ डिसेंबरच्या सकाळी मुलगा काही आणण्यासाठी चौकात गेला, तेव्हा तेथे नेहमीपेक्षा अधिक वर्दळ होती. फुलांचे हार होते, टाळांचा नाद येत होता आणि अभंगांचे सूर थंड हवेत तरंगत होते. विचारता कळले, की आज संत संताजी जगनाडे महाराजांची जयंती. मुलगा थोडा वेळ तेथे थांबला. घरी परत आला तेव्हा आजोबा ओसरीवर कोवळ्या उन्हात बसले होते.

"आजोबा, हे जगनाडे महाराज कोण होते?"

आजोबांचे बालपण भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात गेले होते. त्यांनी नातवाला जवळ बसवून घेतले आणि म्हटले, "ते तेलाचा घाणा चालवीत आणि तुकाराम महाराजांचे अभंग लिहून ठेवीत. पण ते समजायचे, तर आधी घाणा समजला पाहिजे. तू घाणा पाहिला आहेस का?"

मुलाने मान हलविली. तेल म्हणजे दुकानात पिशवीतून मिळणारी वस्तू, एवढेच त्याला ठाऊक होते.

"आमच्या घरामागेच एक होता," आजोबा सांगू लागले. "मोठ्या लाकडाचे खोल उखळ असावे तसा तो असतो. त्यात एक जाड लाट उभी तिरपी बसवितात आणि ती बैलाच्या जुवाला जोडतात. बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधतात. मग बैल फिरू लागतो आणि लाट तीळ किंवा जवस चिरडू लागते. आम्ही पोरे भोवती बसून तेलाची वाट पाहत असू. पहिल्या कितीतरी फेऱ्यांत तेलाचा थेंब दिसत नसे. नुसता कोरडा चुरा व्हायचा, मग त्याचा ओलसर गोळा व्हायचा. फिरता फिरता सारे आतून ऊन होई, आणि मग कोठे तेल सुटू लागे. शेवटी खाली ढेप उरायची. तेली आम्हांला सांगे, की मधेच बैल सोडला तर घाणा थंड होतो. मग तो पुन्हा ऊन होईपर्यंत पुन्हा कोरड्या फेऱ्या घालाव्या लागतात."

नंतर आजोबांनी संताजींची हकीकत सांगितली. सतराव्या शतकात पुण्याजवळील चाकण येथे संताजी राहत होते. तेल गाळावे आणि ते विकून संसार चालवावा, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्याच परिसरातील देहू गावी तुकाराम महाराज कीर्तन करीत. ते कीर्तन ऐकून संताजींच्या मनावर असा परिणाम झाला, की ते तुकारामांचे निष्ठावंत सहकारी बनले. कीर्तनात तुकारामांच्या मागे उभे राहून टाळ वाजविणाऱ्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते. परंतु त्यांनी आणखी एक काम पत्करले. कडूसचे गंगाराम मवाळ आणि चाकणचे संताजी हे दोघे तुकारामांचे लेखनिक झाले. तुकारामांच्या मुखातून अभंग निघावा आणि त्यांनी तो कागदावर उतरवून ठेवावा, असा क्रम सुरू झाला.

ते काम किती कष्टाचे होते, याची कल्पना आज सहज येत नाही. त्या काळी टाक किंवा बोरू घडवून त्याचे टोक तासावे लागे. काजळी आणि डिंक खलून शाई करावी लागे. समर्थ रामदास हे याच काळातले. त्यांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर कसे वळणदार असावे, ओळी कशा सरळ असाव्यात, कागदाच्या कडेला किती जागा सोडावी, हे सारे त्यांनी तेथे बारकाईने सांगितले आहे. ज्या काळी एक पान लिहिण्याला एवढे सायास पडत, त्या काळी दिवसभर घाणा हाकणाऱ्या मनुष्याने वह्याच्या वह्या भरल्या!

"आणि पाहा," आजोबा म्हणाले, "रात्री लिहायला दिवा हवा, दिव्याला तेल हवे. दिव्याची काजळी धरली की तिची शाई होते. घाण्यातून निघालेले तेल उजेडही देई आणि अक्षरही देई."

मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग त्याने हळूच विचारले, "त्यांना कधी कंटाळा आला नसेल का?"

"आला असेलही. तो सर्वांनाच येतो. पण घाण्याच्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तेल सुटण्याची लहर कधी येईल, याची वाट पाहत तो बसत नाही. तो आधी बैल जुंपतो."

हे वाक्य मुलाच्या मनाला लागले. त्याने कपाटातील निळ्या वहीची सारी गोष्ट आजोबांना सांगून टाकली. किती दिवसांचे लेखन तुंबले आहे, हे त्याने बोटांवर मोजले. ते शंभरांच्या घरात गेले होते. "एवढे आता कसे लिहून होणार?" तो म्हणाला.

आजोबा हसले नाहीत. त्यांनी त्याला तुकारामांच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगितला. तुकारामांच्या घराण्यात व्यापार आणि सावकारी होती. इ. स. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. तुकारामांच्या घरातील माणसे दगावली, व्यापार बुडाला. पुढे वैराग्य आले तेव्हा लोकांकडून येणे असलेली कर्जखते वाटून त्यांनी अर्धी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली, अशी परंपरा आहे. देणे संपले, घेणे संपले. मन मोकळे झाले आणि त्यांचे खरे काम सुरू झाले.

"तू स्वतःच सावकार झाला आहेस आणि स्वतःच कर्जदार," आजोबा म्हणाले. "शंभर दिवसांचे खत छातीशी धरून बसला आहेस. ते सोड पाण्यात. राहिले ते राहिले. आजचा दिवस अजून कोठे गेला आहे?"

"पण त्याच इंद्रायणीत तुकारामांच्या अभंगांच्या वह्याही बुडविल्या होत्या ना?" मुलाला शाळेत ऐकलेली गोष्ट आठवली.

"होय, तीही बुडविल्या. पुराणमतवादी लोकांना त्यांचे अभंग सहन झाले नाहीत आणि त्यांना आपल्या वह्या डोहात सोडाव्या लागल्या. तेरा दिवस ते अन्नपाण्यावाचून नदीकाठी बसून राहिले. त्यानंतर वह्या पाण्यावर तरल्या, असे भाविक सांगतात. ते अभंग लोकांच्या मुखी बसले होते, म्हणून ते बुडू शकले नाहीत, असे काही अभ्यासक म्हणतात. देहूच्या मंदिरात 'भिजकी वही' म्हणून एक वही भक्तिभावाने जपलेली आहे. पण मला त्या गोष्टीतला पुढचा भाग अधिक मोठा वाटतो. एवढे झाल्यावर तुकारामांनी पुन्हा अभंग रचले आणि संताजींनी पुन्हा लेखणी उचलली. इंद्रायणीने बरोबर न्याय केला, बाळ. जे कागद बुडायला हवे होते ते बुडाले आणि जे तरायला हवे होते ते तरले."

इ. स. १६५० च्या सुमारास तुकारामांचे निर्वाण झाले. संताजींच्या हातच्या वह्या मात्र पिढ्यान् पिढ्या जपल्या गेल्या. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' या ग्रंथाचे कर्ते वि. ल. भावे यांनी त्या वह्यांच्या आधारे १९१९-२० मध्ये तुकारामांची गाथा दोन भागांत छापून प्रसिद्ध केली. मधे अडीच शतकांहून अधिक काळ लोटला होता. राज्ये आली, राज्ये गेली. एका घाणेवाल्याने वळविलेली अक्षरे तेवढी राहिली. संताजींची समाधी पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे आहे. भारताच्या टपाल खात्याने २००९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. आणि ते कधी नागपुरास आले नसतील, तरी नागपुरातील एक गजबजलेला चौक त्यांचे नाव वागवीत उभा आहे.

आजोबांचे बोलणे येथे संपायला हवे होते. परंतु ते संपले नाही. ओसरीवरचे ऊन सरकत त्यांच्या पायांपाशी आले होते. त्याकडे पाहत ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुला सांगतो आहे खरा, पण मीही एकदा असाच चुकलो आहे. माझ्या आईला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ होत्या. पहाटे ती दळायला बसली की मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत असे. पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो. या ओव्या लिहून घ्यायच्या, असे दर सुट्टीला ठरवीत असे. वहीही आणली होती. 'या दिवाळीला राहू दे, उन्हाळ्यात सवडीने लिहू.' उन्हाळ्यात म्हणे, 'पुढच्या दिवाळीला.' एका पावसाळ्यात आई गेली. वही कोरीच राहिली. आता काही ओव्यांचा पहिला चरण आठवतो, तर दुसरा आठवत नाही. काहींची नुसती चाल कानात आहे, शब्द गेले."

मुलाने आजोबांना असे बोलताना कधी ऐकले नव्हते. न लिहिलेले पान म्हणजे केवळ कोरा कागद नसतो, हे त्याला त्या क्षणी कळले. संताजींनी 'उद्या लिहू' म्हटले असते तर काय झाले असते, हे निराळे सांगण्याची आवश्यकता उरली नाही. ते समोरच बसलेले होते.

त्या रात्री त्याने जुन्या वर्तमानपत्रांमागून निळी वही काढली. तिच्यावरची धूळ पुसली. पोळ्यानंतर सोडलेली आठ कोरी पाने त्याने तशीच उलटून टाकली, नव्या पानावर तारीख घातली आणि खाली फक्त चार ओळी लिहिल्या. चौकातील टाळांचा नाद आणि थंड हवा, एवढाच त्यांचा विषय होता. ओळी काही विशेष चांगल्या उतरल्या नाहीत. पहिले वाक्य रुक्ष झाले, तिसऱ्यात एक शब्द दोनदा आला. त्याने ते पान फाडले नाही. पहिल्या फेऱ्यांत कोरडा चुराच निघायचा, हे त्याला आता ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशीही त्याने चारच ओळी लिहिल्या. अधिक लिहिण्याचा मोह झाला, तरी हात आवरला; कारण एका रात्रीत चार पाने लिहून चार दिवस वही न उघडणे, हे त्याने पूर्वी करून पाहिले होते. जेवण झाले, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, की लगेच वही उघडायची, असा त्याने क्रम बांधला. एक काम दुसऱ्या कामाच्या पाठीला बांधलेले असले, की त्यासाठी निराळा निश्चय करावा लागत नाही. वही कपाटात न ठेवता तो ती उशाशी ठेवू लागला. आठ-दहा दिवसांनी चार ओळींच्या सहा झाल्या, मग दहा झाल्या. परंतु नेम चारचाच राहिला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पतंगांच्या नादात पुन्हा एक दिवस चुकला. सकाळी उठताच त्याच्या पोटात खड्डा पडला. जुना आळस दाराशी येऊन उभा राहिला आणि ओळखीच्या आवाजात म्हणाला, 'मोडला ना नेम? आता राहू दे.' मुलगा क्षणभर थबकला. मग त्याने वहीत कालची तारीख घातली, तिच्यापुढे 'चुकला' एवढा एकच शब्द लिहिला, आणि रात्री नेहमीप्रमाणे त्या दिवसाच्या चार ओळी लिहिल्या. नेम मोडत नाही असा मनुष्य विरळा. मोडलेला नेम दुसऱ्याच दिवशी उचलून पुन्हा खांद्यावर घेणारा मनुष्यच नियमित म्हणायचा.

एकदा त्याने आजोबांना विचारले, "असे किती दिवस लिहीत राहायचे?"

तेव्हा आजोबांनी त्याला याच नागपूर शहरातील एका विद्वानाचे नाव सांगितले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा जन्म १८९३ मध्ये कोकणात झाला. परंतु त्यांची कर्मभूमी नागपूर. ते येथील मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवीत. जुने ताम्रपट आणि शिलालेख यांतील झिजलेली अक्षरे लावून त्यांतून इतिहास उभा करणे, हे त्यांनी आपले काम मानले. प्राचीन भारतातील कोरीव लेखांच्या एका प्रसिद्ध ग्रंथमालेचे तीन मोठे खंड त्यांनी सिद्ध केले. कलचुरी राजांच्या लेखांचा खंड १९५५ मध्ये निघाला, वाकाटकांचा १९६३ मध्ये आणि शिलाहारांचा १९७७ मध्ये. या शेवटच्या खंडाच्या वेळी त्यांचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे होते! एकेक अक्षर लावीत जाणाऱ्या मनुष्याला असे मोठे ग्रंथ लहरीवर लिहिता येत नाहीत. दिवसाचे काम दिवसा करीत गेल्यानेच ते पुरे होतात.

"म्हणजे किती दिवस, हे विचारायचेच नाही," मुलगा म्हणाला.

"आजचा दिवस, एवढेच विचारायचे," आजोबा म्हणाले.

माघ महिन्यातील एका दुपारी मुलगा शाळेतून आला, तेव्हा आजोबा दारातच त्याची वाट पाहत उभे होते. त्यांच्या हातात विजेच्या जुन्या देयकाचा कागद होता आणि त्याच्या पाठीवर त्यांनी थरथरत्या अक्षरांत दोन ओळी खरडल्या होत्या. "एक ओवी आठवली," ते म्हणाले. "पुरी आठवली. विसरेन म्हणून उतरवून ठेवली. तुझ्या वहीत घे."

मुलाने वही उघडली. ही ओवी कोठे लिहावी, असा प्रश्न त्याला पडला. रोजनिशीत ती मिसळून टाकावी, असे वाटेना. इतक्यात त्याला पोळ्यानंतरची ती आठ कोरी पाने आठवली. ज्या पानांची त्याला एवढे दिवस लाज वाटत होती, त्यांतील पहिल्या पानावर त्याने आजोबांच्या आईची ओवी लिहिली. आजोबांनी ती दोनदा वाचून पाहिली, एक शब्द दुरुस्त केला आणि ते बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसले.

त्या दिवसापासून दोघांचा एक नवा परिपाठ सुरू झाला. रात्री जेवणानंतर मुलगा आधी आपल्या चार ओळी लिही. नंतर आजोबा डोळे मिटून जुनी चाल गुणगुणू लागत. कधी काहीच आठवत नसे. कधी एखादा चरण हाती लागे, आणि त्याचा जोडीदार चार दिवसांनी भल्या पहाटे सापडे. सापडलेले शब्द मुलगा बारीक, सरळ ओळींत लिहून घेई. कोठे चुकले तर आजोबा थांबवीत, कोठे अडले तर मुलगा मागचा चरण वाचून दाखवी, आणि त्या वाचण्याने पुष्कळदा पुढचा चरण जागा होई.

शाळेच्या परीक्षा जवळ आल्या आणि नागपूरचे ऊन पुन्हा तापू लागले, तेव्हा त्या आठ पानांवर सव्वीस ओव्या उतरल्या होत्या. शेकडोंपैकी सव्वीस. बाकीच्या गेल्या त्या गेल्या. त्यांचे दुःख आजोबांना होते; परंतु त्या दुःखाचे खतही त्यांनी आता इंद्रायणीत सोडून दिले होते. रोज रात्री ते नातवाला एवढेच विचारीत, "जुंपलास का बैल?"

आणि मुलगा वही उघडून तारीख घाली.